काटेरावाचा गुडघा

सोमवार, ३ फेब्रुवारी

बयो,

हे पाकीट तू लगेच फोडलं नसणार. आधी उलटंपालटं करून बघितलं असशील, मग मेजावर टाकून चहा ठेवला असशील, आणि चहा निवायला लागल्यावर "बघू तरी म्हातारा काय म्हणतोय" म्हणत फोडलं असशील. चालेल. फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर मला निदान शेवटपर्यंत बोलता येतं.

माझी तब्येत ठणठणीत. डोळे सुईत दोरा ओवताना रुसतात, पण मी दारावरून जाणाऱ्या कुणालाही थांबवून ओवून घेतो. कपडेखोली तुझ्या वेळी होती तिथेच आहे, मैदानाच्या पायऱ्यांखाली, आणि वासही तोच. हॉकीवाल्यांचे मोजे, पोहणाऱ्यांचे टॉवेल, फुटबॉलवाल्यांचे चिखलाने पापडासारखे कडक झालेले सदरे, सगळी गाठोडी एकाच दारातून आत येतात आणि भांडणंही त्याच दारातून. सरकारी विद्यापीठ आपलं, खेळ वाढत गेले, खोली तेवढीच राहिली. शेजारच्या धुण्याच्या खोलीतली बाई यंत्रांच्या वरताण ओरडून बोलते. घरीही तशीच बोलते म्हणे. तिचा नवरा रोज संध्याकाळी लांब फिरायला जातो तो उगीच नाही.

आता ज्याच्यासाठी तू हा कागद धरून बसली आहेस ते लिहितो. तुझी लेक बरी आहे. टिचकी रोज संध्याकाळी माझ्या खोलीत येते. घामाने न्हालेली असते. स्टुलावर बसून बाटलीभर पाणी घटाघट पिते, मला दोन सुया ओवून देते आणि अभ्यासाला जाते. अंगचोरपणा नाही. पडते, खरचटतं, पुन्हा उभी राहते. तू विचारलं नाहीस, मीच सांगितलं.

तुम्हा मायलेकींच्या मध्ये मी पडणार नाही. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या उड्यांचे आकडे बघून तू फोनवर तिला म्हणालीस ना, "उडी मारतेस की डबकं ओलांडतेस?" तिथून जे उसवलंय ते उसवलेलंच आहे. उसवलेलं तसंच ठेवलं की धागे आपोआप सुटत जातात. शिंपी म्हणून सांगतो, बाप म्हणून नाही. बाप म्हणून सांगितलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

एक मौजेची बातमी. यंदा मैदानावर साळिंदराचं सोंग घेऊन नाचणारा आपला काटेराव नवा आहे. आधीचा ताडमाड होता, तो पास होऊन गेला. हा बुटका, पण पाऱ्यासारखा. सोंगाचे पाय आखूड करावे लागले, पोटातला थोडा स्पंज काढावा लागला, पाठीवरचे काळेपांढरे काटे एकेक उसवून पुन्हा बसवले. अख्खं साळिंदर माझ्या मशिनवर आडवं पडलं होतं आणि शिट्टीसाहेब (आमचे क्रीडा संचालक, गळ्यातली शिट्टी झोपतानाही काढत नसावेत) दारात उभं राहून विचारतात, "मास्तर, शस्त्रक्रिया झाली का?"

नियम तुझ्या वेळचेच. नव्या काटेरावाला मी तसाच दम भरला: सोंग अंगावर असेतो तोंडातून शब्द काढायचा नाही. चारचौघांत डोकं उतरवायचं नाही. आत कोण आहे हे साहेब आणि शिंपी सोडून तिसऱ्याला कळता कामा नये. पदवीदानाच्या दिवशी झग्याखाली साळिंदराचे पंजे घालून मंचावर जायचं, तेव्हा काय ते जगाला कळेल.

काटेरावाने मान हलवली. म्हणजे कळलं असावं.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहिणारच आहे, तेव्हा दिलेलं बरं.

बाबा


गुरुवार, २० फेब्रुवारी

बयो,

तुझं पत्र आलं. एवढंसं. शाळेतल्या पोरांच्या रजेच्या अर्जावर तू याहून मोठा शेरा मारत असशील. पण आलं, हे काय थोडं झालं? मी ते धुण्याच्या खोलीतल्या बाईला दाखवलं, म्हणजे नुसतं पाकीट. ती ओरडली, "लेकीचं का? मग एवढं वाकडं तोंड का?"

वाकडं तोंड अशासाठी, की तू लिहिलंस, 'आंतरविद्यापीठ अंतिम स्पर्धेला मी येते आहे. टिचकीला सांगायचं नाही. मला लांबून तिची उडी बघायची आहे. बसायला कुठून बरं दिसेल ते कळवा.'

बरं कुठून दिसेल? पायऱ्यांच्या उजव्या अंगाला, वाळूच्या खड्ड्यासमोर. तुलाच ठाऊक असायला हवं, उड्या तू मारल्यास. पण बाकडी आता सिमेंटची केलीत, बूड गारठून जातं. वारा सरळ तोंडावर येतो. प्रवास लांबचा, त्यात शाळा सोडून यायचं, तुझी पोरं त्या दिवशी हुंदडतील. नंतर कधीतरी निवांत आलीस तर नाही का चालणार?

वाचून तू म्हणशील, बाबांना मी यायला नको आहे. तसं नाही गं. तू आलीस तर मला हवीच आहेस. तू कशासाठी येते आहेस तेवढ्याचीच अडचण आहे, आणि ती अडचण माझी नाही, म्हणून मला ती लिहिता येत नाही.

तू विचारलंस, सरावाला खड्ड्यापाशी दिसते का? दिसते. रोज दिसते. प्रशिक्षकबाईंशी पटतं का? भांडण नाही. दोघी एकमेकींना नमस्कार करतात. धाव सुरू करण्याआधी अजून टाचेवर दोनदा मागेपुढे डुलते का आणि मांडीवर चापट मारते का? मारते. तू लहानपणी लावलेली खोड आहे ती, इतक्या सहज कुठली जाते?

तुझ्या शाळेतली पोरं तुला गुडघाबाई म्हणतात हे खरं का? टिचकीने सांगितलं होतं, तुम्हा दोघींचं बिनसायच्या आधी. म्हणाली, "आबा, आईला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक आहे. पोरगं पळताना दमलं, गुडघा वर. गणितात नापास झालं, गुडघा वर." मी तिला म्हटलं, माझ्या लेकीची टिंगल माझ्यासमोर नको. मग दोघं हसलो.

आता काटेरावाचं ऐक. परवा फुटबॉलच्या सामन्यात पाहुण्या संघाचं सोंग, अस्वलाचं, आमच्या बाकड्यांसमोर येऊन नाचायला लागलं. आडदांड अस्वल. आमचा बुटका काटेराव हळूच मागून गेला आणि त्याच्याकडे पाठ करून नुसता बसला. अस्वल मागे सरकलं ते थेट काट्यांवर. पायऱ्या हसून हसून लोळल्या. शिट्टीसाहेबांना हसू आवरेना, ते शिट्टी वाजवून मोकळे झाले आणि पंचाने खेळ थांबवला.

सामना हरलो आम्ही. ते असो.

काटेरावाचं डोकं आतून भट्टी होतं. मी सामन्यानंतर व्हिनेगरचं पाणी मारून पंख्यासमोर ठेवतो. आतून दिसतं ते फक्त तोंडातल्या जाळीतून, आणि स्पंज इतका की ऐकू काही येत नाही. ढोल वाजला तर छातीत कळतो, एवढंच. हे तुला का सांगतो आहे कोण जाणे. म्हातारपणी सुईसारखं मनही कुठूनही बाहेर निघतं.

येण्याचं पक्कं कळव. आणि गरम काहीतरी अंगावर घेऊन ये.

बाबा


रविवार, २३ मार्च

बयो,

तू येतेसच तर. बरं.

इथे एक ओळ लिहून खोडली आहे. उजेडाला धरून बघू नकोस, शाई दाट घातली आहे.

तिकडून तू म्हणतेस, टिचकीला सांगू नका. इकडून मला आणखी एक कुणीतरी म्हणतं, अमुक कुणाला सांगू नका. दोन्हीकडे मी हो म्हणून बसलोय. कात्रीच्या दोन पात्यांत कापड सापडावं तसं माझं झालंय, आणि कात्री माझीच. काल शिट्टीसाहेबांना आडून आडून विचारलं, "साहेब, समजा एखादा नियम जरासा वाकवला तर?" ते म्हणाले, "कुठला नियम?" मी म्हटलं, "काटेरावाचा." त्यांनी शिट्टी हातात घेतली. वाजवली नाही, पण घेतली. म्हणाले, "मास्तर, या विद्यापीठात संघ बदलले, प्रशिक्षक बदलले, माझ्या आधीचे संचालक बदलले. न बदललेली एकच गोष्ट आहे, आणि ती तुम्ही शिवता."

मला तो नियम मोडायचा नव्हताच खरं तर. कुणीतरी मोड म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच.

माझी एकच अट आहे. अट म्हण, विनंती म्हण, हट्ट म्हण. बाप म्हणून तुझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. लांब उडी संपली की उठायचं नाही. तुला काहीही वाटलं, कितीही राग आला, पिशवी खांद्याला लावावीशी वाटली, तरी बसून राहायचं. उडी संपल्यावर यजमानांचं सोंग वाळूत उडी मारतं, ती गंमत तुझ्या वेळीही होती. तुला आठवतं? तुझ्या वेळचा काटेराव फळीपाशी येऊन थांबायचा, वाळूला पंजा लावून बघायचा, घाबरून मागे पळायचा आणि शेवटी पोटावर पडायचा. एकदा रुतलाच, तेव्हा तू आणि तुझ्या मैत्रिणींनी शेपटी धरून ओढून काढला होता. ती शेपटी मला पुन्हा शिवावी लागली. पंच मंडळी गंभीर तोंडाने फीत लावून मोजतात आणि कर्ण्यावरून आकडा सांगतात.

तेवढं बघ आणि मग जा. ती गंमत झाल्यावर तू माझ्यावर हवी तेवढी चिड.

टिचकी परवा खोलीत आली तेव्हा तिचं लक्ष नव्हतं. सुई ओवता ओवता म्हणाली, "आबा, आई आता कुणाला शिकवत असेल गं?" मला "गं" म्हणाली, म्हणजे तंद्रीत होती. मी म्हटलं, "शाळेतल्या पोरांना, आणखी कुणाला?" ती म्हणाली, "त्यातलं एखादं चांगलं उडणारं असेल ना?" मी म्हटलं, "असेल." मग ती म्हणाली, "बरंय मग," आणि पाण्याची बाटली रिकामी असूनही तोंडाला लावली.

यातून तुला काही कळलं तर ते मी सांगितलेलं नाही.

उजवीकडची बाकडी. शेवटपर्यंत.

बाबा


रविवार, ३० मार्च

बयो,

कालपासून तुझा फोन लागत नाही, किंवा तू लागू देत नाहीस. गाडी वेळेवर पोचली असेल असं धरून लिहितो. कालचं तू जे पाहिलंस ते तुला सांगायची गरज नाही. पण तू जिन्यावरून गेलीस त्यानंतरचं तुला ठाऊक नाही, आणि जे पाहिलंस तेही मी खालून कसं पाहिलं ते ऐक.

मी सुईदोरा घेऊन खड्ड्याच्या कडेला खुर्चीवर होतो. तुला पायऱ्यांवर लगेच ओळखलं. तीच चौकोनी खांद्यांची बसण्याची ढब. मुलींची लांब उडी सुरू झाली तेव्हा तू पुढे झुकलीस. एकेक नाव पुकारलं जात होतं, एकेक मुलगी येत होती, आणि तुझी मान एकेका नावाला इकडून तिकडे होत होती. शेवटचं नाव झालं. टिचकीचं आलंच नाही. तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघायचं मला धाडस झालं नाही. मी सुईकडे बघत बसलो.

तिला प्रशिक्षकबाईंनी जानेवारीतच संघातून काढलं. तिने सोडलं नाही, तिला काढलं. बाई सरळ आहेत, तिला समोर बसवून म्हणाल्या, "तू मेहनती आहेस, पण या संघाच्या पुढे तू जाणार नाहीस, तुझी जागा मी धाकट्या मुलीला देते." ती माझ्याकडे आली. रडली नाही, स्टुलावर बसली आणि माझी सुयांची डबी आवरून ठेवली. म्हणाली, "आईला सांगायचं नाही." मी म्हटलं, अगं, ती रागावेल फार तर. तर म्हणते, "रागावू दे ना. तिला वाटू दे मी हट्टी आहे, आळशी आहे, काहीही. पण मी कमी पडले हे कळलं तर ती माझ्याशी गोड बोलायला लागेल. ते नको, आबा. तिचं गोड बोलणं मला नको."

हे सांगायची मला काल संध्याकाळपर्यंत मुभा नव्हती. आता तिनेच दिली आहे. काटेरावाबद्दल मात्र मला अजूनही काही सांगता येत नाही. पदवीदान व्हायचंय. म्हणून पुढचं नीट वाच, मी काटेरावाबद्दल लिहितो आहे, दुसऱ्या कुणाबद्दल नाही.

तू उठलीस. पिशवी खांद्याला लावलीस. अर्धा जिना उतरलीस. कर्ण्यावर घोषणा झाली, "आता यजमानांतर्फे काटेराव!" ढोल वाजले, आणि काटेराव धावपट्टीच्या टोकाला येऊन उभा राहिला.

आता काटेरावाने काय करायचं असतं? डुलत डुलत यायचं, घाबरायचं, पडायचं. महिनाभर खड्ड्यापाशी पडायचाच सराव चालला होता. आणि काल ऐनवेळी काय झालं, तर समोर धावपट्टी, पायांखाली खूण, पलीकडे ओली वाळू. काटेराव विसरला की तो काटेराव आहे. टाचेवर मागेपुढे डुलला. दोनदा. मांडीवर पंजाची चापट मारली.

तू जिन्यावर जागच्या जागी थांबलीस. एक पाय खालच्या पायरीवर, एक वरच्या.

तो सुटला. खेळ करायचा सोडून खरोखरचा सुटला, पोटाच्या स्पंजासकट, काट्यांसकट. लोक हसायचे थांबले, कारण हसायचं काय हे त्यांना कळेना. आणि त्या गप्प झालेल्या मैदानात तुझा आवाज आला, जो शाळेच्या दुसऱ्या टोकाला जातो तो आवाज:

"गुडघा!"

सगळ्या माना वळल्या. तुझ्या बाजूचा टोपीवाला गृहस्थ म्हणाला (धुण्याच्या खोलीतली बाई त्याच्या मागेच होती, तिने जसंच्या तसं सांगितलं), "अहो बाई, ते साळिंदर आहे." आणि तू मागे न बघता म्हणालीस, "मग साळिंदराला गुडघा नसतो का?"

बाईने हे कालपासून किती जणांना ओरडून सांगितलं असेल त्याची गणती नाही.

गुडघा वर आला, बयो. मी बघितला. त्या जाड पायातूनसुद्धा वर आला. काटेराव फळीवरून उडाला आणि वाळूत उतरला तो असा, की काटे चहूकडे मोडले आणि डोकं गर्रकन फिरून तोंड पाठीकडे गेलं. आतल्याला काही दिसेना. डोकं काढायची सोय नाही, बोलायची सोय नाही. तो बिचारा वाळूत बसून राहिला, पोट इकडे, तोंड तिकडे. मग मात्र पायऱ्या हसून फुटल्या. मी धावत गेलो, म्हणजे माझ्या मानाने धावत, आणि मान फिरवून सरळ केली. तोवर पंचाने सवयीने उडी धरल्याचा पांढरा बावटा वर केला होता, फीतही लागली होती. आकडा लिहीत नाही. तू ऐकला असशील. नसशील ऐकला तर त्यासाठी तरी मला फोन करशील.

मान सरळ करून वर बघितलं, तर जिना रिकामा.

खोलीत आल्यावर दार लावलं. काटेरावाने डोकं उतरवलं. आत कोण होतं ते विचारू नकोस. जे कुणी होतं त्याचे कान तुझ्यावर गेले आहेत, एवढं म्हणायला हरकत नसावी. केस डोक्याला चिकटलेले, गालाला वाळू. पहिला प्रश्न, "गेली?"

"गेली."

"रागाने?"

मी म्हटलं, "मला जिना रिकामा दिसला. रिकाम्या जिन्यावरून काय ओळखणार?"

"आत काही म्हणजे काही ऐकू येत नाही, आबा. ढोलसुद्धा नाही ऐकू आले. ते ऐकू आलं." मग हातातल्या मोडक्या काट्याला सरळ करत, "ज्याची कीव येते त्याला कुणी गुडघा म्हणून ओरडत नाही ना?"

मी म्हटलं, नाही ओरडत. म्हणजे मी आपलं म्हटलं. खरं काय ते तुलाच ठाऊक. म्हणून हे पत्र. पायऱ्यांवरून उतरताना तुझ्या मनात काय होतं ते मला कळवू नकोस, मला कळून उपयोग नाही. ज्याला हवं आहे त्याला कळव.

स्पर्धेची ढाल यंदा आपल्याला मिळाली नाही. अस्वलवाल्यांनी नेली. शिट्टीसाहेब दुःखी आहेत, पण कर्ण्यावर काटेरावाची उडी सांगितली तेव्हा त्यांनीच सगळ्यात जोरात शिट्टी वाजवली.

मी सध्या काटे शिवतो आहे. बरेच मोडले.

बाबा


शुक्रवार, ११ एप्रिल

बयो,

काल टपाल घेऊन शिट्टीसाहेब स्वतः खाली आले. मास्तर, हे जरा बघा म्हणाले. पाकिटावर तुझं अक्षर. नाव मात्र माझं नाही, टिचकीचंही नाही. 'श्री. काटेराव, कपडेखोली, क्रीडा विभाग.'

साहेब म्हणाले, "आपल्या सोंगाला आजवर पत्र आलेलं मला आठवत नाही. हे फोडायचं कुणी?" मी म्हटलं, "ज्याचं त्याने." ते मान डोलवत गेले. जाताना दार हळू लावलं. एरवी ते दार हळू लावत नाहीत.

मी पाकीट फोडलं नाही, उजेडाला धरलं नाही. संध्याकाळी काटेराव आला, म्हणजे ज्याला यायचं ते आलं, स्टुलावर बसलं, पाणी प्यायलं. मी पाकीट पुढे केलं. अक्षर ओळखून हात तिथेच थांबला. मग काय केलं असेल? उठून कपाटावरचं डोकं काढलं, घातलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला, भिंतीकडे तोंड करून बसलं आणि मग पत्र फोडलं.

कागद तोंडातल्या जाळीसमोर धरून वाचायचा म्हणजे वेळ लागतो. दोन्ही बाजूंनी लिहिलेला होता, उलटलेला मी बघितला. मी मशिनवर बसलो होतो, पण पाय चालवला नाही. मशिन वाजली असती.

डोकं घातलेलं असताना बोलायचं नाही हा नियम आहे, आणि तो मीच शिकवलेला, तेव्हा मी काही विचारू शकलो नाही. हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. पाठीवरचे काटे हलत होते. बराच वेळ हलत होते.

मग वळली. (वळला म्हणायला हवं. राहू दे, चुकून लिहिलं, आता खोडत नाही.) पंज्याने स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर टकटक केलं. मग पुन्हा केलं. मग कागदावर बोट ठेवून पुन्हा गुडघ्यावर. मी उठून चाचपलं, तर काय, मांडीपुढचा स्पंज इतका जाड ठेवलेला की गुडघा पोटापर्यंत यायलाच जागा नाही. तू पायऱ्यांवरून तेवढंच पाहिलं होतंस तर! पानं भरून काय लिहिलंस ते मला ठाऊक नाही, पण त्यात कुठेतरी एवढं होतं हे कळलं. आणि ज्या पत्रात गुडघ्याचं आहे त्यात गोड बोलणं फारसं नसणार, हेही कळलं. जीव भांड्यात पडला.

मी कात्री घेतली आणि स्पंज काढला. काढताना वाटलं, हे काम आधीच करायला हवं होतं, पण साळिंदराने पळायचं असतं हे सोंग शिवणाऱ्याला कुणी सांगितलं होतं? पुन्हा चढवून खोलीतल्या खोलीत चालून बघितलं. गुडघा थेट पोटाला लागतो आता. तीनचार वेळा वर केला. शेवटी इतका जोरात, की गाठोड्यांची रांग आडवी झाली आणि पलीकडून बाई ओरडली, "काय चाललंय रे तिकडे!" उत्तर कोण देणार? एकाला बोलायची बंदी, दुसऱ्याच्या दातांत टाचण्या.

आज टिचकी आली होती. टिचकी म्हणजे टिचकी, तिचा काटेरावाशी संबंध नाही. रविवारी तुला फोन करणार आहे म्हणाली. बोलायचं काय ते ठरलेलं नाही. मी म्हटलं, ठरवू नकोस, आई "बरं" म्हणून ठेवायला लागली तर तू आधी ठेव. हसली. सुई ओवून द्यायची विसरली, म्हणून हे पत्र आधी लिहायला घेतलं.

पुढच्या शनिवारी अस्वलवाल्यांशी पुन्हा सामना आहे, याही वेळी आपल्याच मैदानावर. उजवीकडची बाकडी. खाली अंथरायला काहीतरी आण. आणि पदवीदानाला पंजे घालून कोण येतं ते बघायला ये. मला तरी काही कल्पना नाही कोण ते.

काटेरावाच्या डोक्यात मी स्पंज वाढवला आहे, पुन्हा फिरू नये म्हणून. आता ढोल वाजले तर छातीतसुद्धा कळायचे नाहीत. तू मात्र नेहमीच्या आवाजात ओरड. पोचेल.

बाबा